भोरड्या उशिरा आल्या, की आपण त्यांना उशिरा पाहिलं?

माळावरचा मास्तर · 12 नोव्हेंबर

राजेहो, नमस्कार. एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून नवा धागा काढतो.

आमचं गाव कारंज्याहून मंगरूळपीरकडे जाताना लागतं. सध्या गावात दोनच चर्चा आहेत, सोयाबीनचा भाव आणि भोरड्या पक्षी. 'यंदा भोरड्या उशिरा आल्या' हे पारावर, कटिंगच्या दुकानात, शाळेच्या व्हरांड्यात, जिथे जावं तिथे ऐकायला मिळतं. कोणी हवामानाला दोष देतं, कोणी मोबाइलच्या टॉवरला. माझे वडील मात्र म्हणतात, भोरड्या त्यांच्या वेळेवरच आल्या असतील, तुमच्या शिवारात ज्वारीच नाही तर त्या इथं टेकतील कशाला?

त्यांच्या तरुणपणी गावाच्या चारही अंगांना ज्वारी होती. कणसं दुधात आली की पोरं मचाणावर गोफण घेऊन बसत. आता सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी (कपाशी). ज्वारी कडब्यापुरती, तीही रानडुकरं आणि रोही (नीलगायी) ठेवतील तेवढी. मग 'उशिरा आल्या' हे आपण पक्ष्याबद्दल बोलतो की शिवाराबद्दल?

भोरडी (पळसमैना म्हणा, गुलाबी मैना म्हणा) कझाकस्तान, तुर्कमेनिस्तानच्या गवताळ मुलखात मे-जूनमध्ये पिल्लं काढते आणि जुलै-ऑगस्टपासूनच भारतात उतरू लागते. परत जाते ती एप्रिलात. म्हणजे वर्षाचा मोठा भाग ती इकडेच असते. ऑगस्टात देशात शिरलेला पक्षी आमच्या गावात दिवाळीच्या सुमारास दिसतो, तर मधले महिने तो असतो कुठे? सातवी-आठवीची पोरं, शाळेची एक दुर्बीण आणि गावातली म्हातारी माणसं, एवढ्या भांडवलावर याचा काही अभ्यास होऊ शकतो का? जाणकारांनी सांगावं.

धुऱ्यावरचा · 12 नोव्हेंबर

मास्तर, भोरड्या उशिरा आल्या त बरंच झालं नं बाप्पा! मांगच्या साली माह्या भावानं दोन एकर ज्वारी पेरली होती. सकाळी थवा उतरला, जेवनाच्या टाइमलोक कनसात दाना नाई. तुम्ही पोराईले दुर्बीन देता, मले एक सुतळी बाम्ब देजा. अभ्यास करा, मी काई नाई म्हनत नाई. पन कास्तकाराचं नुसकान बी त्याच वहीत लिहा.

दुर्बीणवाली · 13 नोव्हेंबर

मास्तर, वडिलांना माझा नमस्कार सांगा. पारावरच्या सगळ्या मतांत त्यांचं मत वजनदार आहे. (मी नागपूरची. तलावांवरच्या पक्षीमोजणीत बरीच वर्षं आहे.)

'पहिल्यांदा कधी दिसला' ही तारीख फार फसवी असते. गावात पक्षी बघणारा एकच माणूस असेल तर त्याला थवा दिसेपर्यंत आठवडा उलटतो. वर्गभर पोरं बघायला लागली की तोच थवा आल्या दिवशी सापडतो. पक्षी काही आठवडाभर आधी आलेला नसतो. याच्या उलटही होतं. संख्या निम्म्यावर आली, तर उरलेले पक्षी नेहमीच्या वेळेला येऊनही चटकन नजरेस पडत नाहीत आणि आपण म्हणतो, यंदा उशीर झाला. उशीर वाटतो तिथे कधीकधी खरं तर पक्षी कमी झालेले असतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नुसत्या पहिल्या तारखेवरून तो कळत नाही.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, पंधरा मिनिटं उभं राहायचं, दिसले-ऐकू आले ते सगळे पक्षी लिहायचे आणि भोरडी नसेल तर 'नाही' असंही लिहायचं. पोरांना ही 'नाही'ची नोंद फालतू वाटते, पण अभ्यासाला तीच लागते. 2007 मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून 'मायग्रंटवॉच' सुरू झालं, तेव्हा लोकांकडून फक्त 9 जातींच्या येण्याच्या तारखा मागवल्या होत्या. पुढे जाती वाढल्या, आणि नंतर हे काम 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर गेलं. ईबर्डवर यादी टाकताना शेवटी विचारतात, ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? बहुतेक जण ते न वाचताच बटण दाबतात. पण त्या हो-नाहीवरच पुढचं सगळं गणित उभं असतं, कारण यादी पूर्ण असेल तरच भोरडी त्यात नसण्याला काही अर्थ.

आणि तारीख काढायचीच असेल तर पहिल्या थव्याची काढू नका. दर दोन यादींमागे एकीत भोरडी यायला लागली तो आठवडा धरा. तो एकट्या-दुकट्या लवकर आलेल्या पक्ष्याने हलत नाही.

शंकासुर · 13 नोव्हेंबर

म्हणजे हवामान बदलतंय वगैरे सगळं आपल्या डोळ्यांचा दोष? ताई, हे जरा जास्त होतंय. पाऊस ऑक्टोबर संपला तरी जात नाही, थंडी पडता पडत नाही. पक्ष्यांना त्याचं काहीच नाही?

दुर्बीणवाली · 13 नोव्हेंबर

असं मी म्हटलेलं नाही. हवामानाचा परिणाम होतो, आणि तो कसा होतो हे काही ठिकाणी फार नीट तपासलंय. नेदरलँड्समध्ये एक छोटा माशीमार पक्षी आहे, आफ्रिकेत हिवाळा काढून वसंतात परत येतो. त्याच्या निघण्याची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते, आणि ती आफ्रिकेत बसून बदलत नाही. इकडे युरोपात वसंत लवकर यायला लागला, झाडांवरच्या अळ्यांचा हंगामही लवकर येऊ लागला, पिल्लांना भरवायच्या वेळी अळ्या संपलेल्या. जिथे अळ्या सगळ्यात लवकर येऊ लागल्या त्या जंगलांत हे पक्षी दोन दशकांत जवळपास 90 टक्क्यांनी घटले. 2006 चा अभ्यास आहे.

पण हे कळलं कारण तिथे घरट्यांच्या पेट्यांच्या नोंदी दशकानुदशकं ठेवलेल्या होत्या. आपल्याकडे वाशीम किंवा यवतमाळच्या एखाद्या गावाची सलग वीस वर्षांची पक्ष्यांची वही दाखवा, मी लगेच तुमच्या बाजूने बोलते. 2023 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात 942 जातींचा आढावा आहे, त्यात लांबून येणारे स्थलांतरी, शिकारी पक्षी आणि गवताळ-उघड्या माळावरचे पक्षी जास्त घटताना दिसतात. कारण मात्र एकच नाही. माळ नांगरले गेले, कीटकनाशकं वाढली, पाणथळी बुजल्या, हवामान बदललं. यातलं कुठलं किती, हे जातीगणिक आणि गावागणिक वेगळं निघतं.

झाडीपट्टी एक्सप्रेस · 14 नोव्हेंबर

आमच्या भंडारा-गोंदियाकडची गोष्ट सांगतो, मास्तरांच्या 'मधले महिने कुठे' या प्रश्नाला ती लागू आहे.

आमच्याकडे मालगुजारी तलाव हजारोंनी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले. नोव्हेंबर-डिसेंबरात त्यावर पट्टकदंब हंस येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, पिवळी चोच, मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले. सोबत तलवार बदक, थापट्या, चक्रांग, गडवाल, लालसरी. एखाद्या वर्षी लोक ओरडतात, 'तलाव तुडुंब भरलाय आणि पक्षी नाहीत, काय झालं?' अहो, तुडुंब भरलाय म्हणूनच नाहीत. तुतवारासारख्या चिखल्यांना घोट्याएवढं पाणी आणि ओला चिखल लागतो. पाणी काठाला लागलं असेल तर त्यांनी उभं कुठे राहायचं? बुडी न मारणाऱ्या बदकांनाही उथळ पाणी हवं, मान बुडवून तळाचं गवत-बी मिळेल इतकं. परतीचा पाऊस लांबला की ते उथळ काठ डिसेंबर-जानेवारीपर्यंत तयारच होत नाहीत.

दुसरं, ओल्या वर्षी गावोगावचे सगळे तलाव, बोड्या, खोलगट बांध्या भरलेल्या असतात. पक्षी पांगतात. तुमच्या एका तलावावर कमी दिसतात, जिल्ह्यात तेवढेच असतात. दुष्काळी वर्षी चार तलावांतच पाणी राहतं, सगळे तिथे गोळा होतात, आणि पेपरात बातमी येते 'यंदा विक्रमी पक्षी'. पक्षी वाढलेले नसतात, पाणी आटलेलं असतं! जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून चालू आहे, पण एकाच तलावाचा आकडा पाण्याच्या पातळीशिवाय वाचला तर तो दिशाभूल करतो. त्यात वैनगंगेवर गोसीखुर्दसारखा अफाट जलाशय झाला. तिथे मधोमध बसलेली बदकं काठावरून दुर्बिणीतूनही मोजता येत नाहीत.

म्हणून मास्तर, तुमच्या वहीत पक्ष्यांच्या शेजारी शिवाराचा रकाना ठेवा. आमच्यासाठी पाणी, तुमच्यासाठी पीक.

ढिवरटोली · 14 नोव्हेंबर

वरच्या भाऊंनी पाण्याचं बरोबर सांगितलं, आणखी एक गोष्ट राहिली. मी मासेमारी संस्थेत आहे. आमच्या तलावात आधी पाण्याखाली वनस्पती भरपूर होती, काठाला देवधान (रानटी भात) उगवायचं. बदकं त्यावरच जगत. मग ग्रासकार्पचं बीज सोडायला लागले. तो मासा वनस्पतीच खातो, वाढतोही झपाट्याने, पण तळ साफ करून टाकतो. काठावर बेशरमची झुडपं माजली, त्यांच्यात ना मासा अंडी घालतो ना पक्षी चरतो. जिथे आमच्या लोकांनी बेशरम उपटली आणि देशी वनस्पती परत लावल्या, तिथे मासे परत आले आणि बदकंही.

आता तुम्ही याला हवामानबदल म्हणणार का? सायबेरियाहून येणाऱ्या बदकाचं जेवण आमच्या तलावात कोणी काढून घेतलं ते आम्हाला माहीत आहे.

शंकासुर · 14 नोव्हेंबर

हे पटलं. पण मग 'स्थलांतराचा अभ्यास' असं भारदस्त नाव कशाला? तलावाचा आणि ज्वारीचा अभ्यास म्हणा.

दुर्बीणवाली · 14 नोव्हेंबर

तोच आहे तो. निम्मं आयुष्य जिथे खातो तिथल्या ताटात काय वाढलंय हे पक्ष्याच्या अभ्यासातून वगळणार कसं? शिवाय थंडीत नीट खायला मिळालं नाही तर पक्षी चरबी कमी घेऊन निघतो, वाटेत जास्त थांबतो, पोचायला उशीर होतो. तिकडचा उशीर इकडून सुरू झालेला असू शकतो.

निळोणा · 15 नोव्हेंबर

यवतमाळहून. भोरड्यांसारखा हमखास गोंगाट नसलेल्या एका पाहुण्याबद्दल लिहितो, कारण त्याची मोजणी खेड्यातच होऊ शकते. भोवत्या. ससाण्यापेक्षा लांब पंखांचा, माळावर जमिनीलगत तरंगत जाणारा शिकारी पक्षी. सप्टेंबरअखेरीस येतो. मोंटाग्यूचा, पांढुरका असे प्रकार. त्याचं खाणं मोठ्या प्रमाणात नाकतोडे.

गंमत अशी की भोवत्या रात्री झाडावर झोपत नाही, उंच गवतात जमिनीवर झोपतो, आणि एकाच माळावर बरेच जण एकत्र. त्यामुळे दिवसभर दहा गावांत विखुरलेले पक्षी मावळतीला एका जागी येतात. अंधार पडायच्या आधी तासभर धुऱ्यावर बसलं की मोजून होतात. कुठलं यंत्र नको, परवानगी नको. भारतात या रातथाऱ्यांच्या मोजण्या अनेक वर्षं चालू आहेत आणि बऱ्याच ठिकाणी आकडे खाली आलेत.

आमच्याकडचा असा एक माळ ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर होता. 'पडीक आहे' म्हणून त्यावर खड्डे खणून ओळीने रोपं लावली. फोटो छान आले. गवत गेलं आणि भोवत्यांनी ती जागा सोडली. झाड लावणं पुण्याचं काम असतं हे मान्य, पण माळावर नाही. यावर कोणाला भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी येतो.

नाकतोड्यांचंही बघा. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. जिथे माणसाची ही गत, तिथे नाकतोड्याची आणि तो खाणाऱ्याची काय असेल, त्याची नोंद कोणी ठेवली?

धुऱ्यावरचा · 15 नोव्हेंबर

निळोणाभाऊ, फवारनी हौसेनं करतो का आमी? बोंडअळी आली की काय करा लागते ते सांगा.

आन भोरड्याईचं कौतुक चाललं हाये म्हनून इचारतो. 2020 च्या मे मइन्यात टोळधाड आली, मोर्शी-वरूड, आष्टी, काटोल, सगळीकडं. आमी ताटं वाजवत बसलो होतो, संत्र्याच्या बागा खाऊन रायले होते टोळ. तवा ह्या तुमच्या भोरड्या कुठं होत्या? ज्वारी खायाले याले येते, टोळ खायाले काहून नाई येत?

दुर्बीणवाली · 15 नोव्हेंबर

भाऊ, प्रश्न एक नंबर आहे. उत्तर ऐका. मे महिन्यात त्या तिकडे टोळच खात होत्या!

भोरड्या एप्रिलात इथून निघतात आणि नाकतोडे-टोळ जिथे भरमसाट असतील तिथेच वसाहत करतात. हजारो जोड्या एकत्र, दगडांच्या फटींत घरटी, आणि पिल्लांना टोळच भरवतात. एका वर्षी जिथे वसाहत असते तिथे पुढच्या वर्षी टोळ नसले तर एकही जोडी फिरकत नाही. चीनच्या शिनजियांगमध्ये तर टोळांवर औषध मारण्याऐवजी या मैनांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग आणि घरटी बांधून देतात. तिथला पशुपालक त्यांची वाट बघतो, इथला शेतकरी गोफण उचलतो. पक्षी एकच.

म्हणजे भोरडी ही मुळातच 'जिथे मिळेल तिथे' जाणारी आहे. पट्टकदंब वर्षानुवर्षं त्याच तलावावर येतील, तशी ही येईलच असं नाही. ज्वारी नसेल तर ती तुमच्या गावावरून पुढे जाईल, फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि पळस फुलले की मधासाठी पुन्हा प्रकट होईल. मास्तर, वडिलांच्या म्हणण्याला हा आधार आहे. तुम्ही ऑक्टोबरच्या नोंदी आणि पळसाच्या वेळच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा. गावात पूर्वीइतका पळस असेल आणि ज्वारी नसेल, तर फरक लगेच दिसेल.

मृगाचा किडा · 16 नोव्हेंबर

सगळे थंडीच्याच पाहुण्यांबद्दल बोलताय. पावसाळ्यातल्यांचं काय? माझ्या माहेरी दर्यापूरकडे 'पावशा आला, आता पाऊस येणार' असं म्हणत. पावशा पण कुठून येतो का?

दुर्बीणवाली · 16 नोव्हेंबर

पावशा बहुतेक इथेच असतो काकू, गप्प असतो एवढंच. उन्हाळा तापला की 'पेरते व्हा, पेरते व्हा' सुरू करतो आणि आपल्याला वाटतं आला. खरा प्रवासी चातक. काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी. आपल्याकडचे चातक मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेकडून येतात आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालून मोकळे होतात. दक्षिणेत काही वर्षभर राहणारेही आहेत. 2020 मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने उत्तराखंडात दोन चातकांना उपग्रह टॅग लावले होते. एकाचं नाव 'मेघ', दुसऱ्याचं 'चातक'.

तुमच्याकडे दोन रकाने करा: दिसला आणि ऐकला. नाहीतर गप्प पक्षी बोलायला लागला की आपण त्याला पाहुणा ठरवतो.

आठवी ब · 16 नोव्हेंबर

सर मी आपल्या शाळेचाच आहे, दादाच्या मोबाइलवरून लिहितोय. भोरडीला जीपीएस लावता येईल का? मग कझाकस्तानपर्यंत दिसेल ना?

दुर्बीणवाली · 16 नोव्हेंबर

शाब्बास, याच प्रश्नाची वाट बघत होते.

आधी गणित. टॅगचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही, हा सर्वसाधारण नियम. भोरडी साधारण 70 ग्रॅमची. तीन टक्के म्हणजे जेमतेम 2 ग्रॅम. पट्टकदंब दोन-अडीच किलोचा, त्याच्या पाठीवर मोठं सौर टॅग आरामात बसतं. म्हणून या हंसांची माहिती भरपूर आहे. हिमालय ओलांडताना नोंदलेली त्यांची सर्वाधिक उंची 7,290 मीटर, पण बहुतेक वेळ ते 6,000 च्या खालीच असतात. 2015 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं पक्ष्यांच्या शरीरात बसवून पाहिलं, तर ते डोंगराच्या चढउताराबरोबर खाली-वर होत उडतात असं निघालं. विरळ हवेत सतत उंच राहण्यापेक्षा खाली येऊन पुन्हा चढणं त्यांना स्वस्त पडतं.

अमूर ससाण्याचं वजन 150 ग्रॅमच्या आसपास. नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी 2012 मध्ये त्यांची प्रचंड शिकार उघडकीस आली, पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली, आणि नोव्हेंबर 2013 मध्ये तिथे तीन ससाण्यांना 5-5 ग्रॅमचे टॅग लावले. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. त्यांच्या प्रवासावरून कळलं की हे पक्षी आपला द्वीपकल्प ओलांडून, थेट अरबी समुद्रावरून न थांबता सोमालियाकडे जातात. ईशान्य चीन आणि सायबेरिया ते दक्षिण आफ्रिका असा त्यांचा दौरा. नोव्हेंबर त्यांच्या जाण्याचा महिना आहे, तेव्हा तुमच्या गावात तारांवर लाल पायांचा छोटा ससाणा बसलेला दिसला तर फोटो काढ. समुद्रावर ते काय खात असतील यावर 2009 मध्ये मालदीवमधल्या एका जीवशास्त्रज्ञाने मांडलं की त्याच वाऱ्यांवर आपल्याकडचे लाखो चतुर किडेही आफ्रिकेकडे जातात. म्हणजे शिदोरी बरोबरच उडते.

पण टॅग लावण्यासाठी पक्षी पकडावा लागतो, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय पकडणं गुन्हा आहे. शाळेने तो नाद करू नये. तुमच्या हातात आहे ते वेगळं. तलावावरच्या हंसाच्या गळ्यात पट्टा किंवा पायात कडं दिसलं तर त्याचा रंग आणि अक्षरं टिपा. मंगोलियात पट्टकदंबांना असे गळपट्टे लावतात. जाळ्यात मेलेल्या पक्ष्याच्या पायात ॲल्युमिनियमचं कडं सापडलं तर त्यावरचा आकडा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. त्यांनी 1959 पासून मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घातली आहेत. एका आकड्यावरून दोन टोकं जुळतात.

ढिवरटोली · 16 नोव्हेंबर

कडं असलेलं बदक आमच्याकडे एकदा निघालं होतं. ज्याला मिळालं त्याने भीतीने ते फेकलं, वनखात्याची चौकशी लागेल म्हणून. कळवणाऱ्याला त्रास होणार नाही हे आधी कोणीतरी गावात येऊन सांगितलं पाहिजे.

दुर्बीणवाली · 16 नोव्हेंबर

अगदी खरं. हे मी आमच्या पुढच्या बैठकीत मांडते.

वायरमन · 17 नोव्हेंबर

वाचतोय सगळं. आमच्या लाइनखाली पक्षी मरून पडतात, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

दोन प्रकार असतात. खांबावर बसलेला मोठा पक्षी पंख उघडताना दोन तारांना एकदम टेकला की शॉक बसतो. छोट्या पक्ष्याला काही होत नाही, त्याचे पंख तिथवर पोचत नाहीत. दुसरा प्रकार धडकेचा. धुक्यात, पहाटे, जड शरीराचे आणि लांब मानेचे पक्षी वळू शकत नाहीत. तलावाच्या पाळीवरून किंवा धानाच्या बांध्यांमधून लाइन गेली असेल तर ती जागा वाईट. गोंदियात सारस असेच गेले आहेत. सारस कुठून लांबून येत नाही, तो आमच्यातलाच, तरी रोज तलाव ते शेत ये-जा करतोच. त्या विषयात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

तारांवर फिरत्या चकत्या लावल्या की पक्ष्याला तार दिसते. खर्च आहे, पण सगळीकडे लावायची गरज नाही. कुठल्या दोन खांबांमध्ये पक्षी पडतात हे माहीत असलं की पुरे. पोरांच्या वहीत खांबाचा नंबर लिहायला सांगा, खांबावर रंगवलेला असतो. 'शेताजवळ पक्षी मेला' असं लिहिलं तर माझ्यासारख्याला काही करता येत नाही. आणि मेलेल्या पक्ष्याला, तारेला, खांबाला हात लावायचा नाही. लांबूनच.

शंकासुर · 17 नोव्हेंबर

आतापर्यंत रकाने: पीक, पाणी, दिसला-ऐकला, फवारणी, खांबाचा नंबर. आठवीची पोरं पक्षी कधी बघणार?

झाडीपट्टी एक्सप्रेस · 17 नोव्हेंबर

हा हा. शंकासुर कधी नव्हे ते कामाचं बोलले.

आणखी एक खूळ डोक्यात आहे. बहुतेक छोटे पक्षी रात्री प्रवास करतात. अमेरिका-युरोपात हवामान खात्याच्या रडारवर रात्री उडणारे थवे मोजतात. डॉप्लर रडार नागपुरातही आहे. पावसाच्या ढगांसाठी लावलेलं यंत्र ऑक्टोबरच्या कोरड्या रात्री काय बघत असेल? कोणी हवामान खात्यातलं असेल तर बोला.

माळावरचा मास्तर · 18 नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शाळेत बसून ठरवलं ते सांगतो.

एकच वही. तीन जागा: शाळेमागचा माळ, पाझर तलाव आणि ज्वारी असलेलं एक वावर. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की पंधरा मिनिटं, सगळे पक्षी, 'नाही' सकट. पाण्याला एक खूण, पिकाला एक शब्द. बाकीचं आपोआप सापडलं तरच लिहायचं, शोधत फिरायचं नाही. शंकासुर, तुमच्यासाठी रकाने चारच ठेवले.

गावातल्या म्हाताऱ्यांना 'पूर्वी भोरड्या कधी यायच्या' असं विचारणार नाही, कारण सगळे 'लवकर' म्हणतील. 'ज्वारी राखायला तुम्ही मचाण कधी बांधायचे' असं विचारणार. बायकांना हुरड्याच्या दिवसांचं विचारणार. सणावारावरून तारीख बांधता येईल. वडिलांनी आजच सांगितलं, मचाण दसऱ्याला बांधलेलं असायचंच.

आठवी ब, तू दादाचा मोबाइल परत दे आणि शनिवारी वेळेवर ये. ज्वारीच्या वावराची तेवढी अडचण आहे. गावात धड पेरा असलेलं एकही सापडेना.

धुऱ्यावरचा · 18 नोव्हेंबर

मास्तर, माहा भाऊ यंदा बी पेरून बसला हाये, ऐकत नाई कोनाचं. एकच एकर हाये आता. तुमच्या गावाहून लांब नाई, जवयच हाये. पोराईले घेऊन या. पन धुऱ्यावरूनच पाहा लागन, पऱ्हाटीत पाय टाकला त मी वरडीन. आन पोरं आले की भोरड्या उडतेत काय ते बी लिहा. उडत असन त दर शनिवारी कशाले, रोजच धाडा.

दुर्बीणवाली · 18 नोव्हेंबर

मास्तर, थवा उडवायच्या आधी मोजायचा हं! पंधरा मिनिटं झाली की मग भाऊंची राखण करा. आणि मोजताना एकेक करू नका. थव्याच्या एका कोपऱ्यातले दहा मोजायचे, तेवढ्या जागेचा अंदाज डोळ्यात धरायचा आणि तसे किती तुकडे बसतात ते बघायचं. दोन पोरांना वेगवेगळं मोजू द्या, आकडे एकमेकांना आधी सांगू देऊ नका. दोन्ही लिहा.

आठवी ब · 18 नोव्हेंबर

सर गोफण आणू का?